तुमच्या हजेरीपटात ते आधी दिसलं होतं : प्राचार्य, रेक्टर आणि जीएफएम सर-मॅडमना खुलं पत्र

माननीय प्राचार्य, हॉस्टेलचे रेक्टर, जीएफएम (गार्डियन फॅकल्टी मेंबर, म्हणजे पोरांवर लक्ष ठेवायला नेमलेले) सर-मॅडम आणि क्लासेसवाले संचालक, सगळ्यांनाच,

सप्रेम नमस्कार.

मी बार्शीची, एका पतसंस्थेत नोकरी करते. डॉक्टर नाही, काउन्सेलर नाही, पण गेली सात वर्षं महिन्यातून एकदा मनोविकाराच्या ओपीडीबाहेरच्या बाकड्यावर बसते त्यामुळं थोडंफार कळायला लागलंय. माझा धाकटा भाऊ २०१६ ला पुण्यात मेकॅनिकलला लागला आणि तिथं शिकतानाच त्याला सायकोसिस हा मानसिक आजार सुरू झाला. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण लिहिलं की भांडण त्या एका कॉलेजशी होतं आणि बाकीचे म्हणतात आमच्याकडे असं नसतं. असतं. ओपीडीतल्या बाकड्यावर माझ्या शेजारी बसलेल्या आयांना मी विचारलंय, कुणाचा नांदेडला होता कुणाची नाशकात होती, गोष्ट तीच.

आधी एक वस्तू दाखवते. भावाची पत्र्याची पेटी घरी आली त्यात त्याची सेकंड इयरची दोन जर्नलं होती, त्यातलं एक फ्लुइड मेकॅनिक्सचं. जुलै-ऑगस्ट २०१७ चे प्रयोग बघितले तर अक्षर असं की मोत्याचे दाणे, पट्टीनं मारलेल्या रेघा, ऑब्झर्वेशन टेबल चौकटीत. सप्टेंबरमध्ये रेघा हातानं मारलेल्या. पुढं समासात बारीक बारीक बाण यायला लागतात, बाणांच्या टोकाला घड्याळातल्या वेळा, २.१७, ३.४०, ४.०५, सगळ्या रात्रीच्या. एका पानावर व्हेंच्युरीमीटरची आकृती अर्धी सोडलीय आणि खाली एकच शब्द अकरा वेळा लिहिलाय, ‘कनेक्शन’. आणि त्या पानाखाली सरांची सही आहे, तारीख आहे, लाल पेनानं शेरा आहे ‘नीट लिहा’. म्हणजे सरांनी पान बघितलं, नाही असं नाही. बघितलं, सही केली, पुढचं जर्नल घेतलं. साठ पोरांची जर्नलं तपासायची असतात शुक्रवारच्या आत, मला कळतं ते. पण पुढं डॉक्टरांनी जेव्हा विचारलं की बदल साधारण कधीपासून, तेव्हा आम्हाला आईबापांना महिना सांगता येईना, आणि तुमच्या सहीच्या तारखांनी तो सांगितला.

हे पत्र त्याच्याचसाठी आहे. हा आजार घरच्यांना दिसायच्या आधी, डॉक्टरला दिसायच्या तर फारच आधी तुमच्या कागदांत दिसतो. हजेरीपटात, हजेरी कमी पडलेल्यांच्या डिफॉल्टर लिस्टमध्ये, मेसच्या वहीत, हॉस्टेलच्या तक्रार रजिस्टरमध्ये. फक्त तुमच्याकडं त्याला नाव एकच असतं, बेशिस्त.

सायकोसिस म्हणजे काय ते थोडक्यात सांगते, कारण ‘वेड लागलं’ या दोन शब्दांपलीकडं आपल्याकडं कुणी जात नाही. कुणी बोलत नसताना आवाज ऐकू येणं, नसलेलं दिसणं हे भास. आणि कितीही पुरावा दिला तरी न हलणारा समज, की लोक माझ्यावर पाळत ठेवतायत, माझ्या मनातलं सगळ्यांना ऐकू जातंय, हे भ्रम. बोलण्याची संगती सुटते, वागणं बदलतं. हे स्किझोफ्रेनियात होतं, बायपोलरमध्ये होऊ शकतं, फार तीव्र डिप्रेशनमध्ये होऊ शकतं, नशेनं होऊ शकतं, कधी मेंदूच्या इन्फेक्शनसारख्या शारीरिक कारणानंही होतं, म्हणून तर डॉक्टर रक्त वगैरे तपासतात. सुरुवात बहुतेकदा सोळा-सतरा ते पंचवीस-तीस या वयात, मुलांमध्ये मुलींपेक्षा जरा लवकर. आता हे वय कुणाच्या ताब्यात असतं सांगा. आईबापाच्या नाही, तुमच्या.

आणि ते एका दिवसात होत नाही. कधी कधी होतं, पण बहुतेक वेळा आधी काही महिने, कधी दोन-तीन वर्षं पोरगं हळूहळू सरकत असतं. डॉक्टर त्याला प्रोड्रोम म्हणतात, आपण पूर्वलक्षणं म्हणू.

माझ्या भावाचं कसं झालं ते सांगते म्हणजे कळेल. आधी झोप गेली. गेली म्हणजे उलटी झाली, रात्रभर जागा, सकाळची लेक्चरं बुडवून दुपारी तीनपर्यंत झोपलेला. रूम पार्टनरला वाटलं गेम खेळतो. मग मेस सुटली, म्हणायचा भाजीला वास येतो, मग फक्त सील असलेला पार्ले-जीचा पुडा आणि नळाचं पाणी. क्रिकेट खेळणारं पोरगं, ग्राउंडवर जायचं बंद झालं. अंघोळ चार-चार दिवस नाही, तोच राखाडी टीशर्ट. ट्यूबलाइटचा आवाज सहन होत नाही म्हणून ती बंद करून अंधारात बसायचा, आम्हाला तर ट्यूबलाइटला आवाज असतो हेच माहीत नव्हतं. पुस्तकातली एकच ओळ पाचदा वाचतो तरी आत जात नाही असं मला फोनवर म्हणाला होता, मी म्हणलं मोबाईल कमी बघ. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली, ती काय बरेच जण लावतात, पण नंतर स्विचबोर्डच्या रिकाम्या भोकांवर पण लावली. गाड्यांच्या नंबरप्लेटची बेरीज करायला लागला. अचानक क्वांटम आणि ब्रह्मांड आणि कंपनं असलं काहीतरी तासतास बोलायचा, आधी कधी या विषयाचं नावही न काढलेला. जानेवारीत आजी गेली, तिच्या मांडीवर वाढलेलं पोरगं, मातीला आला आणि चेहऱ्यावरची रेष हलली नाही. नातेवाईक म्हणले पुण्यात जाऊन दगड झाला.

यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर काहीच नाही. हॉस्टेलमधलं निम्मं पब्लिक रात्री जागतं आणि अंघोळीचं तर बोलूच नका. म्हणून कृपा करून हे वाचून उद्या सगळ्या झोपाळू पोरांना मानसोपचारतज्ज्ञाकडं हाकलू नका. बघायचं ते असं, की हा पोरगा स्वतः आधी कसा होता आणि आता कसा आहे, एक नाही तीन-चार गोष्टी एकदम बदलल्यात का, आणि ते आठवड्यागणिक वाढतंय का. फर्स्ट इयरला डिस्टिंक्शन आणि सेकंड इयरला डिफॉल्टर, एवढं तर तुमच्या कॉम्प्युटरला पण दिसतं.

आणि अशी लक्षणं दिसलेल्या सगळ्यांना पुढं सायकोसिस होतो असंही नाही, उलट बहुतेकांना होत नाही. ज्यांच्यात अशी सौम्य लक्षणं तज्ज्ञांनी नीट तपासून नोंदवली अशांवर बरेच अभ्यास झालेत, त्यात पुढच्या तीनेक वर्षांत साधारण चार-पाच जणांत एकाला तो झाला. बाकीच्यांना नाही. पण त्यांनाही तेव्हा काहीतरी होत होतंच ना, चिंता असेल डिप्रेशन असेल नशा असेल, मदत त्यांनाही हवीच होती. म्हणून ‘उगाच शिक्का बसेल’ हे कारण सांगून गप्प बसू नका. शिक्का बोलवून विचारल्यानं बसत नाही. स्टाफरूममध्ये बोलल्यानं बसतो.

आता जे मला सगळ्यात जास्त लागलंय ते. २०१७ च्या दिवाळीत तो घरी होता. संध्याकाळी टीव्हीवर बातम्या चालू होत्या, त्यानं आईला हळूच विचारलं, “आई, त्या बाईनी आत्ता माझं नाव घेतलं का गं?” आई म्हणाली, “काहीतरीच काय.” तो हसला, म्हणाला, “हो ना, मला पण वाटलं भास झाला.” आणि चकली खायला लागला. बास, एवढंच. त्या वेळी त्याला स्वतःलाच शंका होती हो! त्याला वाटत पण होतं आणि खरं नसेल हे कळत पण होतं. मेमध्ये त्याला शंका राहिली नव्हती. दिवाळी ते मे हे जे सहा महिने होते त्यात तो कुणाचं तरी ऐकू शकत होता, डॉक्टरकडं स्वतःच्या पायानं चालत गेला असता. त्या सहा महिन्यांत तो आमच्याकडं बारा दिवस होता आणि बाकी सगळे दिवस तुमच्याकडं.

तुमच्याकडून त्या अख्ख्या वर्षात आम्हाला काय आलं, तर पत्रं आली, छापील. ‘आपल्या पाल्याची उपस्थिती ७५ टक्क्यांपेक्षा कमी असून...’ सप्टेंबरमध्ये एक, फेब्रुवारीत एक, एप्रिलमध्ये एक. तीन. प्रत्येक पत्राला अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, फोन करून त्याला शिव्या घातल्या, आम्ही इथं कर्ज काढून पैसे भरतो आणि तू तिकडं उंडारतोस. अण्णांचा दोष काढत नाही, पत्रात जे लिहिलं होतं त्याचा अर्थ तोच होत होता. त्या तिन्ही पत्रांच्या खाली पेनानं एक ओळ कुणी लिहिली असती, ‘तुमचा मुलगा हल्ली आधीसारखा वाटत नाही, घरी काही जाणवलं का?’, तर कदाचित आईला टीव्हीवालं आठवलं असतं. कदाचित नसतंही. पण अण्णांनी शिव्या नसत्या दिल्या एवढं नक्की.

काउन्सेलर होत्या का, होत्या. प्रॉस्पेक्टसमध्ये फोटोसकट होत्या. एक मॅडम आठवड्यातून एकदा यायच्या, केबिन ॲडमिन ब्लॉकमध्ये प्रिन्सिपलच्या केबिनला लागून, आत कोण जातंय ते फी काउंटरच्या रांगेतल्या सगळ्यांना दिसणार. तिथं कोण जाईल. आणि वर्गात एक सर, पोरांना फार आवडणारे, कुणी वेडंवाकडं उत्तर दिलं की म्हणायचे “येरवड्यात बेड रिकामा आहे रे”. सगळा वर्ग हसायचा. पुण्यात येरवड्याचं मेंटल हॉस्पिटल, ठाण्यात ठाण्याचं, नागपुरात पण तसंच असेल. माझ्या भावानं नंतर बरं झाल्यावर मला सांगितलं की तो त्या दिवशी सगळ्यात मोठ्यानं हसला होता, कुणाला कळू नये म्हणून.

मे २०१८, एंडसेमचा, म्हणजे सेमिस्टरच्या शेवटच्या परीक्षेचा, दुसरा पेपर. तो उठला आणि सुपरवायझरला म्हणाला या पेपरात माझ्यासाठी निरोप छापलेत, हे कुणी छापलं त्याचं नाव सांगा. सुपरवायझरनी कॉपीची केस समजून खिसे तपासले. मग प्रकरण रेक्टरकडं. रेक्टरनी आम्हाला फोन केला की याची तब्येत बरी नाही, घरी पाठवतोय, बरा झाला की मेडिकल सर्टिफिकेट घेऊन या. आणि त्याला स्वारगेटला बार्शीच्या एसटीत बसवून दिलं, एकट्याला. तीन रात्री न झोपलेला, सगळे आपल्याला मारायला टपलेत असं पक्कं वाटणारा वीस वर्षांचा पोरगा, लाल डब्यात पन्नास अनोळखी माणसांमध्ये. तो इंदापूरला उतरला. बॅग गाडीतच राहिली. अण्णा आणि चुलतभाऊ जीप घेऊन शोधत निघाले, रात्री दोन वाजता स्टँडच्या मागच्या भिंतीला टेकून बसलेला सापडला, दोन्ही कानांवर हात. माझ्या वडिलांना मी त्याआधी रडताना बघितलं नव्हतं.

रेक्टर वाईट माणूस नव्हता, नंतर दोनदा फोन करून चौकशी पण केली. त्याला माहीतच नव्हतं हो. ताप आलेल्या पोराला एसटीत बसवतात तसं बसवलं. म्हणूनच लिहितेय. एवढं तरी प्रत्येक रेक्टरच्या टेबलावर काचेखाली असावं, की पोरगं असं दिसलं, दोन-तीन रात्री झोपलेलं नाही, खात नाही, घाबरलंय, आवाज मला अमुक कर म्हणतायत असं सांगतंय, मरण्या-मारण्याची भाषा करतंय, तर एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी जवळच्या सिव्हिलला किंवा जिथं मानसोपचारतज्ज्ञ आहे अशा हॉस्पिटलला सोबत माणूस देऊन न्यायचं, घरच्यांना तिथं बोलवायचं. घरी पाठवायचं नाही, घरच्यांना बोलवायचं.

पुढचे पाच महिने आमच्यावर आहेत, ते तुमच्या अंगावर नाही टाकत. कुणी म्हणलं बाहेरचं आहे, एका ठिकाणी अमावस्येच्या पाच वाऱ्या झाल्या. कुणी म्हणलं लग्न लावून द्या. फॅमिली डॉक्टरनी झोपेच्या गोळ्या दिल्या. शेवटी ऑक्टोबरमध्ये माझ्या ऑफिसातल्या एका बाईनं हळूच बाजूला घेऊन सांगितलं की तिच्या दिराचं असंच होतं आणि पत्ता दिला. हळूच, बाजूला घेऊन. आपल्याकडं ही माहिती अशी मिळते, चोरून आणल्यासारखी.

डॉक्टरांनी पहिल्या दिवशी सांगितलं की उपचार सुरू व्हायला जितका उशीर तितकं पुढं बरं होणं अवघड जातं. हे जगभरात मोजलेलं आहे. नॉर्वेत स्टॅव्हेंजर नावाचं शहर आहे, तिथल्या भागात १९९७ पासून एक प्रयोग केला. पेपरात, रेडिओवर जाहिराती दिल्या, लोकांना साध्या भाषेत लक्षणं सांगितली, शाळा-कॉलेजांतल्या शिक्षकांना शिकवलं आणि कुणीही थेट फोन करावा अशी एक टीम ठेवली, डॉक्टरची चिठ्ठी नको काही नको. सायकोसिस सुरू झाल्यापासून उपचार मिळेपर्यंतचा काळ, म्हणजे सगळे पेशंट क्रमानं लावले तर बरोबर मधल्याचा काळ, २६ आठवड्यांवरून ५ आठवड्यांवर आला. औषधं तीच. मग काही वर्षांनी जाहिराती बंद केल्या, टीम चालूच होती, तर तो काळ परत १५ आठवड्यांवर गेला. हे वाचून मी थांबले होते जरा. म्हणजे एकदा वर्कशॉप घेतलं, बॅनर लावला, दीपप्रज्वलनाचा फोटो पेपरला दिला आणि झालं, असं होत नाही, ते दरवर्षी करावं लागतं कारण दरवर्षी पोरं नवीन असतात. दहा वर्षांनी त्यांनी परत बघितलं तेव्हा त्या भागात पूर्ण सावरलेले म्हणावेत असे साधारण ३१ टक्के होते, आणि जिथं हा प्रयोग नव्हता तिथं १५.

आमचे मे ते ऑक्टोबर म्हणजे साधारण बावीस आठवडे झाले. मोजून बघितले मी.

आपल्याकडं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ मध्ये झालं, बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेनं केलं, बारा राज्यांत. त्या बारात महाराष्ट्र नव्हताच, तो भाग वेगळा. त्यात स्किझोफ्रेनिया आणि इतर सायकोसिस आयुष्यात कधीतरी झालेले १.४ टक्के निघाले. शंभरात एक-दीड. तुमच्या कॉलेजात तीन हजार पोरं असतील तर तुम्हीच गुणाकार करा, सगळ्यांना त्याच चार वर्षांत होणार नाही हे धरूनसुद्धा. आणि मानसिक आजार असून उपचारच न मिळालेल्यांचं प्रमाण, आजाराप्रमाणे, ७० ते ९२ टक्के.

तुम्ही म्हणाल हे आमचं काम नाही. होतं की नाही माहीत नाही, पण आता आहे. २५ जुलै २०२५ ला सुप्रीम कोर्टानं निकाल दिला, विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूच्या केसमध्ये. शाळा, कॉलेज, हॉस्टेल, कोचिंग क्लास सगळ्यांना लागू, शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तर किमान एक क्वालिफाइड काउन्सेलर हवा, आणि टीचिंग-नॉन टीचिंग सगळ्या स्टाफला वर्षातून किमान दोनदा ट्रेनिंग, त्यात धोक्याची लक्षणं ओळखणं पण आलं. तुमच्यातले बरेच जण ते ट्रेनिंग घेतीलच, ॲक्रेडिटेशनच्या फायलीत लावायला लागतं. माझी एकच मागणी आहे, त्या ट्रेनिंगमध्ये टेन्शन, डिप्रेशन आणि आत्महत्या एवढंच सांगून थांबू नका. ते हवंच, पण जो पोरगा रडत नाही, मरायचंय म्हणत नाही, नुसता विचित्र होत चाललाय त्याचं काय, हे अर्धा तास तरी सांगा. रडणाऱ्याकडं कुणीतरी जातं हो. विचित्र होणाऱ्यापासून लोक लांब जातात. माझ्या भावाच्या रूम पार्टनरनं मार्चमध्ये रूम बदलून घेतली, अर्जात कारण लिहिलं होतं ‘वैयक्तिक’, क्लार्कनं मंजूर करून टाकलं. रूम बदलायचा अर्ज आला की एकदा विचारायला काय जातं, का बदलतोस बाबा? त्या पोराला सगळं माहीत होतं. स्विचबोर्ड, बिस्किटं, रात्रीची बडबड, सगळं. त्याला कुणी विचारलंच नाही आणि आपणहून सांगितलं तर चुगली होईल असं वाटलं.

गांज्याचं पण सांगते, लपवत नाही. तो त्या वर्षी तीन-चार महिने ओढत होता. नुसत्या गांज्यानं झालं असं डॉक्टर म्हणत नाहीत, आमच्या अण्णांच्या आत्याला पण काहीतरी होतं असं आता कळतंय. पण गांजानं धोका वाढतो हे नक्की, स्वीडनमध्ये सैन्यभरतीच्या ४५ हजार पोरांचा पाठपुरावा केला, १९८७ ला छापून आला, अठरा वर्षांपर्यंत भरपूर ओढलेल्यांमध्ये पुढं स्किझोफ्रेनियाचं प्रमाण सहापट. आता गंमत बघा, तुमच्याकडं गांजा सापडला की नियम काय, हॉस्टेलमधून बाहेर. म्हणून मित्र गप्प, तो गप्प. शिक्षेचा आणि मदतीचा दरवाजा एकच ठेवला तर त्यातून कोण आत येणार.

विचारायचं कसं हे पण मला माझ्या अनुभवातून सांगायचंय. ‘तुला काही मानसिक प्रॉब्लेम आहे का’ असं विचारलं की पोरगं उठून जाणार. झोपेचं विचारा. झोप लागते का रे, कितीला लागते, हल्ली जेवतोस का. झोपेवर विचारलं की कुणाला राग येत नाही, आणि तिथून बाकीचं निघतं. तो काही विचित्र बोलला तर वाद घालू नका, असं कुठं असतं का म्हणून समजवत बसू नका, आणि होला हो पण करू नका. नुसतं म्हणा, असं वाटत असेल तर किती भीती वाटत असेल, आपण कुणालातरी भेटू, मी येतो बरोबर. निदान करायला जाऊ नका, गुगल करून तर अजिबात नाही. तुमचं काम ओळखायचं आणि डॉक्टरपर्यंत न्यायचं, पुढचं डॉक्टर बघतील. सिव्हिल हॉस्पिटलला मनोविकाराची ओपीडी असते, केसपेपर काढायला किती लागतात ते तुम्हाला माहीत आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, ऑक्टोबर २०२२ पासून, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. आमच्या वेळी नव्हता. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आहे, ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे, त्यांच्याकडून कळेल ट्रेनिंगसाठी कुणाला बोलवायचं.

आणि परत आलेल्या पोराचं काय करता ते पण बघा. मानसिक आजार २०१६ च्या दिव्यांग कायद्यात धरलाय, हजेरीत सूट, परीक्षेत जादा वेळ असल्या सोयी मागता येतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, २९ मे २०१८ पासून लागू झाला, योगायोग असा की माझा भाऊ इंदापूरला सापडला तोच महिना, आणि त्यात पेशंटची माहिती गुप्त ठेवायचा हक्क आहे. आम्ही डॉक्टरांचं सर्टिफिकेट घेऊन गेलो तर ऑफिसमध्ये क्लार्कनं ते काउंटरवर मोठ्यानं वाचलं, मागं रांगेत त्याच्याच वर्गातली चार पोरं. तो त्या कॉलेजात परत गेला नाही. वायडी, म्हणजे वर्ष वाया, लागलाच होता, मग सोडलंच.

आता बरा आहे, विचाराल म्हणून सांगते. मुक्त विद्यापीठातून बीकॉम केलं, एका ॲग्रो दुकानात हिशोब बघतो, जीएसटीचं त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं. गोळी चालू आहे, गोळीनं वजन वाढलं, चौदा किलो, दर सहा महिन्यांनी शुगर तपासतो, रोज संध्याकाळी भगवंताच्या देवळापर्यंत चालत जाऊन येतो. मध्ये एकदा स्वतःच्या मनानं गोळी बंद केली होती तेव्हा परत त्रास झाला, पण या वेळी त्यानं स्वतःच सांगितलं, ताई, तीन दिवस झोप नाही, चल जाऊ. चारच दिवसांत डोस वाढवून मिळाला. बघा ना, लक्षणं तीच होती. फरक एवढाच की या वेळी घरात ती वाचता येणारी माणसं होती.

हे पत्र छापायच्या आधी त्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला टीशर्टचं काढून टाक. मी नाही काढलं, त्याला सांगितलंय.

अजून एक. त्याच्या कॉलेजातल्या कुणी हे वाचलं आणि ओळखलं तर, त्याचं तिसरं जर्नल, स्ट्रेंथ ऑफ मटेरियलचं, सबमिशनला दिलेलं ते अजून तुमच्याकडंच आहे. रद्दीत गेलं नसेल तर पाठवून द्या. पत्ता ऑफिसात आहे, डिफॉल्टरची तीन पत्रं ज्याच्यावर आली होती तोच.

कळावे,
एक ताई, बार्शी